लगाम आधी, घोडा मागाहून

गेल्या वैशाखातील एका दुपारची गोष्ट. वामकुक्षी आटोपून आम्ही ओसरीवर पानसुपारीचे तबक पुढे घेऊन बसलो होतो. इतक्यात शेजारच्या परसातून असा काही कर्कश आवाज उठला की, अडकित्त्यातील सुपारी उडून थेट अंगणात जाऊन पडली. धावत जाऊन पाहतो तो काय, आमच्या पुतण्याचे चिरंजीव एका जुन्या काळ्या सायकलीवर आरूढ झालेले आहेत, त्यांच्या बैठकीमागे एक चिमुकले इंजिन जिवाच्या आकांताने ओरडत आहे, निळा धूर निघत आहे, काहीतरी करपल्याचा दर्प सुटला आहे. आणि सायकल मात्र जागची तसूभरही हललेली नाही! मागल्या दारी उभी राहून त्याची आई हे सर्व पाहत होती. तिने तोंडातून एक अक्षर काढले नाही. परंतु तिच्या मुद्रेवर जे दिसले ते रागाचे नव्हते, भयाचे होते. त्या भयाचे कारण आम्हांस ठाऊक होते, व तेच या लेखाचे बीज होय.

प्रथम हे प्रकरण काय ते सांगितले पाहिजे. आमच्या किनवटाच्या आसपास कपाशी आणि सोयाबीन ही मुख्य पिके. निंदणीला मजूर मिळेनासे झाल्यापासून बांधावरील गवत कापण्यासाठी खांद्याला अडकविण्याचे यंत्र पुष्कळ शेतकऱ्यांनी घेतले आहे. बाजारात त्यास ग्रास कटर म्हणतात. लांब दांडा, एका टोकाला फिरणारे पाते, दुसऱ्या टोकाला पेट्रोलवर चालणारे लहानसे इंजिन, अशी त्याची रचना. पुतण्याच्या शेतावरील असल्याच एका यंत्राचा दांडा गतवर्षी वाकला, पाते निकामी झाले. परंतु इंजिन शाबूत होते, ते गोठ्यात धूळ खात पडले. मुलगा नांदेडास यंत्रशास्त्राच्या पदविकेचे शिक्षण घेतो. वय वर्षे एकोणीस. सुटीत घरी येताच त्याची दृष्टी त्या इंजिनावर गेली, आणि आजोबांच्या वेळची सायकल माळ्यावरून खाली उतरली. पुढचे सांगणे नकोच.

त्याच सायंकाळी सूनबाई आमच्याकडे आली. म्हणाली, "काका, तो तुमचे ऐकतो. तुम्ही एकदा नको म्हणालात की तो हे सोडून देईल. फुलसावंगीचे तुम्हाला आठवते ना?"

आठवत होते. कोणास आठवणार नाही? पैनगंगेच्या पलतीरी यवतमाळ जिल्हा लागतो. त्या जिल्ह्याच्या महागाव तालुक्यात फुलसावंगी हे गाव आहे. तेथील अवघ्या चोवीस वर्षांच्या, वेल्डिंगचे काम करणाऱ्या एका तरुणाने सुमारे दोन वर्षे खपून, मोटारगाडीचे इंजिन लावून, स्वतःच्या हातांनी हेलिकॉप्टर तयार केले होते. त्याचे शिक्षण आठवीपर्यंतचे. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याची चाचणी चालू असता मागील पंखा तुटला, तो वरच्या मोठ्या पंख्यावर आदळला, आणि त्या पंख्याचा आघात होऊन तो गुणी मुलगा जागीच कोसळला. त्याचे प्राण वाचले नाहीत. वर्तमानपत्रांनी त्याच्या बुद्धीची वाखाणणी केली. पण आईबापांच्या हाती काय उरले? तेव्हापासून या बाजूच्या घराघरांतून पोराने हातात पाना घेतला की आईच्या काळजात धस्स होते.

आम्ही सूनबाईस म्हटले, "आठ दिवस दे. न तपासता होय म्हणणे हा जसा अविचार, तसाच न तपासता नाही म्हणणे हाही अविचारच." ती गप्प राहिली. तिचे समाधान झाले नाही, हे आम्ही ओळखले.

वास्तविक पाहता सायकलीला इंजिन लावण्याची कल्पना पोरकट नाही. तिला मोठी परंपरा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान बेचिराख झाला होता, वाहने मिळत नव्हती, पेट्रोल दुर्मिळ होते. त्या वेळी १९४६ मध्ये हामामात्सु गावी सोइचिरो होंडा नावाच्या कारागिरास लष्कराची निरुपयोगी पडलेली लहान इंजिने आढळली. सैन्यातील बिनतारी यंत्राला वीज पुरविण्याच्या जनित्राची ती इंजिने. होंडा यांनी ती सायकलींना जोडली. पहिल्या सायकलीस पेट्रोलची टाकी म्हणून त्यांनी काय वापरले, तर घरातील शेकण्याची गरम पाण्याची बाटली! आणि ती सायकल चालवून पाहण्यासाठी त्यांनी आपल्या पत्नीस रस्त्यावर धाडले. दोनच वर्षांनी, १९४८ मध्ये, होंडा कंपनी स्थापन झाली. त्याच सुमारास फ्रान्सात व इटलीतही सायकलीला लावण्याची चिमुकली इंजिने निघाली व लोकांनी ती उचलून धरली.

इतके दूर तरी कशाला जावे? आपल्याच लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावास आरंभ केला तो सायकलीच्या दुकानाने. मुंबईच्या तंत्रशाळेत शिक्षकी करणारा हा पुरुष सायकली उघडून, त्यांची हाडे मोजून शिकला. पुढे त्यातूनच नांगर झाले, कारखाना झाला, किर्लोस्करवाडी वसली. आणि १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिक कंपनीने काढलेली लुना म्हणजे तरी दुसरे काय? इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या गाडीवरून घेतलेली, पायडल असलेली, ५० सीसीच्या इंजिनाची सायकलच ती! आमच्या पिढीतील किती मास्तर, किती पोस्टमन, किती भिक्षुक तिच्यावर बसून संसाराचा गाडा ओढते झाले, त्याची गणना नाही. तेव्हा मुलाच्या हातून काही अघटित घडत होते असे नव्हे. प्रश्न होता तो ते तो कोणत्या क्रमाने करीत आहे, हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाटी-पेन्सिल घेऊनच परसात गेलो. मुलगा ओशाळून बसला होता. इंजिनाला जोडलेल्या क्लचचे अस्तर जळून काळे पडले होते. "आजोबा, इंजिनात जोर नाही," तो म्हणाला. आम्ही म्हटले, "जोर नाही, की हिशेब नाही, ते आधी पाहू."

इंजिन ४३ सीसीचे. अशा इंजिनाची शक्ती सुमारे दीड अश्वशक्ती धरावी. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट; आणि धडधाकट माणूस तासभर सायकल दामटतो तेव्हा त्याच्या पायांतून सुमारे १०० वॅट निघतात. म्हणजे त्या नारळाएवढ्या इंजिनात दहा-अकरा माणसांचे बळ होते. मग सायकल हलली का नाही? कारण इंजिनाचे बळ हे वेगाने फिरण्यात असते. ते मिनिटास सहा हजार फेरे घेते, तेव्हा कुठे त्याचा खरा जोर प्रकट होतो. मुलाने इंजिनाकडे अकरा दात्यांचे चक्र आणि मागच्या चाकाकडे चव्वेचाळीस दात्यांचे चक्र बसवून मध्ये चेन घातली होती. म्हणजे इंजिनाच्या चार फेऱ्यांस चाकाचा एक फेरा. सायकलीच्या चाकाचा व्यास सुमारे ७० सेंटीमीटर, परीघ सुमारे २.२ मीटर. आता त्रैराशिक मांडा. सहा हजार भागिले चार, म्हणजे चाकाचे मिनिटास दीड हजार फेरे, गुणिले २.२, म्हणजे ३,३०० मीटर. तासाला सुमारे २०० किलोमीटर! त्या बिचाऱ्या इंजिनाला मुलाने आगगाडीच्याही पुढे पळण्याची आज्ञा केली होती. ते जागीच ओरडत राहिले यात त्याचा काय अपराध?

हा आकडा पाटीवर उमटला तेव्हा मुलगा प्रथम हसला, मग गंभीर झाला. पदविकेच्या पुस्तकात हे गणित त्याने सोडविले होते, गुणही मिळविले होते. परंतु ते गणित आपल्या परसातील सायकलीचे आहे हे त्यास कोणी सांगितले नव्हते. या दोषात आम्हां मास्तर लोकांचा वाटा मोठा आहे, हे कबूल केले पाहिजे. आम्ही चाळीस वर्षे हौदाला तोट्या लावल्या आणि सोडल्या; एकदाही मुलांना घेऊन हौदापाशी गेलो नाही.

ताशी २५ ते ३० किलोमीटर वेग हवा तर इंजिनाच्या अठ्ठावीस-तीस फेऱ्यांस चाकाचा एक फेरा पडावयास पाहिजे. चेनीने हे साधावयाचे तर दोन-तीन टप्पे घ्यावे लागतात. त्याहून सोपा उपाय फ्रेंच लोकांनी पूर्वीच शोधून ठेविला आहे: इंजिनाच्या आसाला एक लहान खरबरीत रूळ बसवावयाचा व तो थेट टायरवर दाबावयाचा. रूळ अडीच सेंटीमीटरचा, चाक सत्तर सेंटीमीटरचे. प्रमाण आपोआप अठ्ठावीसास एक. हिशेबाने वेग ताशी २८ किलोमीटर. गावातील लेथवाल्याने रूळ कातून दिला आणि त्याच्या मोकळ्या टोकालाही एक बेअरिंग बसविले. कारण एकाच बाजूने धरलेला आस दाबाखाली वाकतो. त्याने हे न विचारता सांगितले. त्याच्यापाशी पदविका नव्हती.

क्लचचे अस्तर नवे बसविले. हा क्लच कसा चालतो, हे वाचकभगिनींस फुगडीच्या दृष्टांताने चटकन कळेल. दोन मुली हात धरून सावकाश फिरतात तोवर कोणास ओढ जाणवत नाही. वेग वाढला की दोघी बाहेरच्या बाजूस फेकल्या जाऊ लागतात. इंजिनाच्या आसाला तशाच दोन लोखंडी पट्ट्या स्प्रिंगने एकमेकींना बांधलेल्या असतात. इंजिन मंद असते तोवर त्या जवळ राहतात. ते जोरात फिरू लागले की बाहेर सरकून भोवतालच्या वाटीला घट्ट पकडतात, आणि वाटीबरोबर रूळ फिरू लागतो. म्हणूनच इंजिन चालू ठेवूनही सायकल उभी राहू शकते. आणखी एक सूचना. हे इंजिन दोन टप्प्यांचे असेल तर पेट्रोलमध्ये तेल मिसळूनच घालावे लागते. पंपावर त्यास टू-टी म्हणतात. किती ते त्या इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेले असते. तेल विसरले तर आतील दट्ट्या तापून जागीच आवळतो व इंजिन संपते. आमचे चिरंजीव एकदा विसरले होते. मिस्त्रीने डबा हुंगून वेळीच ओळखले म्हणून निभावले.

चौथ्या दिवशी सर्व जोडणी झाली. मुलगा इंजिनाची दोरी ओढणार, तोच आम्ही त्याचा हात धरला. "थांब. चालेल कशी ते तू सांगितलेस. थांबेल कशी?" त्याने ब्रेकच्या दांड्याकडे बोट दाखविले. तो ब्रेक आजोबांच्या वेळचा. रबरे कडकडीत वाळलेली, दांडे सैल, रिमला आंबे-चिंचा ठेवण्याइतका बाक!

येथे आम्हांस आमच्या संस्कृताची आठवण झाली. ज्यास आपण यंत्र म्हणतो त्या शब्दाचे नाते 'यम्' या धातूशी आहे, आणि यम् म्हणजे आवरणे, ताब्यात ठेवणे. संयम, नियम, नियंत्रण ही सारी त्याच कुळातली मंडळी. अमरकोशात सारथ्याची नावे दिली आहेत, त्यांत 'नियन्ता' आणि 'यन्ता' ही आहेत. ज्याच्या हातात रथ पळविण्याचे सामर्थ्य, त्यास आपल्या पूर्वजांनी आवरणारा असेही म्हटले. कठोपनिषदात शरीराला रथ कल्पिले आहे, तेथेही घोड्यांच्या बरोबरीने लगामाचा उल्लेख आहे. जे आवरता येत नाही ते पळत असले तरी त्यास यंत्र म्हणू नये, असे आमच्या भाषेचेच म्हणणे दिसते.

हे झाले शब्दाचे. आता अंकांचे ऐका. गतीचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पायडल मारून आपण ताशी १५ किलोमीटरने जातो आणि चांगला ब्रेक लावून सुमारे ३ मीटरांत थांबतो असे धरा. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ३० किलोमीटर झाला, तर त्याच ब्रेकने दुप्पट नव्हे, चौपट अंतर लागते, १२ मीटर. शिवाय समोर काही आले हे डोळ्यांस दिसून बोटांनी ब्रेक आवळीपर्यंत एखादा सेकंद जातोच. तेवढ्यात सायकल आणखी ८ मीटर पुढे गेलेली असते. एकूण २० मीटर! वीस मीटर म्हणजे आमच्या गल्लीतील चार घरांची दारे. त्यांतील कोणत्याही दारातून चेंडूमागे धावणारे मूल बाहेर येऊ शकते.

मुलाचे तोंड उतरले; पण तो समंजस आहे. चार दिवस तो ब्रेकच्या मागे लागला. नवी रबरे घातली, रिमच्या तारा आवळून बाक काढला, आणि मुठीजवळ इंजिन बंद करण्याची कळ बसविली. मग शेतावरील मोकळ्या खळ्यात परीक्षा ठरली. बांधावरील बाभळीपाशी ब्रेक लावावयाचा, आणि तेथून १२ मीटरांवर आखलेल्या रेघेच्या आत चाक थांबले पाहिजे. ही रेघ कोणी आखावी? आम्ही रांगोळीचा डबा सूनबाईच्या हाती दिला. ती प्रथम कचरली. मग पदर खोचून तिने अशी सरळ रेघ ओढली की, भूमितीच्या मास्तरासही तशी साधू नये. "या रेघेच्या पुढे चाक आले तर पेट्रोलचा डबा माझ्या कुलपात," एवढेच ती म्हणाली. पहिल्या दिवशी चाक रेघ ओलांडून दोन सायकली पुढे गेले. दुसऱ्या दिवशी रेघेवर थांबले. तिसऱ्या दिवशी पाचही वेळा अलीकडे थांबले. सूनबाईच्या चेहऱ्यावर त्या महिन्यात प्रथमच हसू दिसले. आम्ही आमच्यावर बेहद्द खूष होऊन घरी परतलो.

आणि येथेच आमची चूक झाली.

मृगाची पहिली सर पडून गेली होती. आम्ही खळ्यावर नव्हतो. मुलाने विचार केला, परीक्षा तर पार पडली. आणि तो ओल्या खळ्यातून निघाला. बाभळीपाशी त्याने नेहमीप्रमाणे ब्रेक आवळला, पण सायकलीने ऐकलेच नाही. गुळगुळीत मुलामा दिलेली पोलादी रिम ओली झाली की रबराची पकड कितीतरी कमी होते. रेघ पावसाने पुसली होती. ती असती तरी चाक तिच्यापुढे पुष्कळ गेले असते. समोर इंधनासाठी रचलेला पऱ्हाट्यांचा ढीग होता म्हणून बरे. त्यात तो सायकलीसकट शिरला. हातापायांना ओरखडे, कोपर सोललेले, बाकी काही नाही. सूनबाईने हळद लावली, आणि आमच्याकडे पाहिले. बोलली नाही. आम्ही मान खाली घातली. ओल्यात परीक्षा घ्यावी, हे शहाणपण आम्हांस सुचावयास हवे होते. ढिगाच्या जागी दगडी बांध असता तर हा लेख आम्हांस लिहिताच आला नसता. फुलसावंगीच्या त्या मुलास गुण कमी नव्हता. त्याच्या शेजारी उभे राहून हे मोडले तर काय, ते मोडले तर काय, असे प्रश्न एकामागून एक विचारणारे माणूस त्याला कोणी दिले नाही. आम्ही तर शेजारी उभे होतो, तरी एक प्रश्न विसरलो!

ओल्या टायरवर रूळही घसरतो. पण त्या दोन घसरण्यांत केवढे अंतर आहे पाहा. रुळाची पकड सुटली तर सायकल चालत नाही. ब्रेकची सुटली तर ती थांबत नाही. पहिल्याने फार तर घरी पोचण्यास उशीर होतो.

पुढे मुलाने जुनी सायकल माळ्यावर परत ठेविली आणि हल्ली सर्रास मिळणारी तबकडीच्या ब्रेकची सायकल घेतली. हा ब्रेक रिमवर न लागता चाकाच्या मध्याजवळील पोलादी तबकडीला धरतो, म्हणून पावसाचा त्यावर परिणाम कमी. खळ्यात पाणी शिंपडून पुन्हा परीक्षा झाली. रांगोळीऐवजी या वेळी चुन्याची फक्की. ती उत्तीर्ण झाली.

आता तो म्हणाला, "आजोबा, उद्या गावातून चक्कर मारतो." तेव्हा आम्हांस आणखी एक अप्रिय काम करावे लागले, १९८८ चा मोटारवाहन कायदा त्याच्यापुढे ठेवावा लागला. पुष्कळ सुशिक्षित लोकांचीही अशी समजूत आहे की, पायडल असले म्हणजे ती सायकलच, किंवा ५० सीसीच्या आतील गाडीला परवाना लागत नाही. दोन्ही चूक. चारांहून कमी चाकांच्या वाहनाचे इंजिन २५ सीसीपर्यंतचे असेल तरच ते मोटारवाहनाच्या व्याख्येतून वगळलेले आहे. पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीबद्दल सवलत आहे ती वयाची. अठराऐवजी सोळाव्या वर्षी परवाना मिळतो, पण परवाना हा लागतोच. आमचे इंजिन ४३ सीसीचे. म्हणजे नोंदणी हवी, विमा हवा, परवाना हवा. आणि नोंदणी व्हावी तर त्या प्रकारच्या वाहनाचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने तपासून मान्य केलेला असावा लागतो. परसात जन्मलेल्या सायकलीला हे कोठून मिळणार? पालकांनी हेही ध्यानात ठेवावे की, २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकास अथवा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड सांगितला आहे. आमचा मुलगा सज्ञान आहे. परंतु त्याची सायकल पाहून हुरूप आलेली गल्लीतील पोरे चौदा-पंधरा वर्षांची आहेत.

मुलगा बराच वेळ बसून राहिला. मग म्हणाला, "म्हणजे विकत घेतलेली चालवायची, केलेली नाही. असेच ना?"

या प्रश्नाला आमच्यापाशी चोख उत्तर नव्हते, आजही नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून जुळवून एक छोटी जीपगाडी केली. २०२१ च्या अखेरीस तिची कीर्ती देशभर झाली. आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले, पण त्याच दमात ती नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या थांबविली जाईल असेही म्हटले. आणि ती आपल्याकडे घेऊन बदल्यात लोहार यांना बोलेरो दिली. कारागिराचा गौरव झाला, हे चांगलेच झाले. तथापि प्रत्येक कारागिरास महिंद्रा भेटत नाहीत. कायदा जे सांगतो ते रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या जिवासाठी सांगतो. त्या माणसाने आपल्या मुलाच्या ब्रेकची परीक्षा पाहिलेली नसते. म्हणून कायदा मोडण्याचा सल्ला आम्ही कदापि देणार नाही. परंतु घरी केलेली एखादी वस्तू घेऊन मुलाने जावे, जाणत्यांनी ती तपासावी, दोष सांगावे आणि निर्दोष झाल्यावर मर्यादित परवानगी द्यावी, असे एखादे दार जिल्ह्याच्या ठिकाणी असते तर किती मुलांचे हात कामाला लागले असते! त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, दोष सांगणारा माणूस भेटल्याने किती घरांवरचे संकट टळले असते.

तूर्त मार्ग दोन. एक, २५ सीसीपर्यंतचे इंजिन शोधणे. पण घेताना अंक नीट वाचावा, कारण बाजारातील कित्येक यंत्रे २५.४ सीसीची असतात आणि कायद्याला तो दशांशही दिसतो. दुसरा, विजेचा. ज्या विजेच्या दुचाकीची शक्ती २५० वॅटहून कमी व कमाल वेग ताशी २५ किलोमीटरहून कमी असल्याचे तपासणी-संस्थेने प्रमाणित केले आहे, तिला नोंदणी लागत नाही. कायनेटिकच्या मंडळींनी लुनाही २०२४ मध्ये विजेवर आणली. काळाचा कल कोणीकडे आहे ते यावरून दिसते.

सध्या आमची सायकल शेतावरच आहे. फाटकापासून विहिरीपर्यंतच्या वाटेवर ती धावते. सार्वजनिक रस्त्यावर तिचे चाक लागलेले नाही. पुतण्या तिच्यावरून रोपांसाठी पाण्याचे कॅन नेतो. मुलगा नांदेडास परत गेला. जाताना सांगून गेला की, दिवाळीला तो विजेच्या मोटारीचे काम घेणार आहे. मागल्या आठवड्यात त्याचा फोन आला. आम्ही नेहमीप्रमाणे प्रकृती विचारली, अभ्यास विचारला. तो म्हणाला, "आजोबा, अजून मोटार घेतलेली नाही. आधी ब्रेक घेतले."

आम्ही फोन सूनबाईच्या हाती दिला. हे शब्द तिने त्याच्याच तोंडून ऐकावे, असे आम्हांस वाटले.

वाचकहो, सुटी लागली की आपल्याही परसात कोणीतरी पाना घेऊन बसेल. त्याच्या हातातील पाना काढून घेऊ नका, आणि त्याला एकटेही सोडू नका. शेजारी पाट मांडून बसा, आणि यंत्र चालू होण्यापूर्वी एवढेच विचारा: "बाळ, ही थांबेल कशी?" उत्तर आले तर लागलीच दुसरे विचारा: "आणि पावसात?"